ठाण्यात रोजच्या वापरातला फेल्स्कुन : दक्षिण आफ्रिकेतील कातडी जोड्याचे परीक्षण

घोट्यापर्यंत येणारा, खरखरीत कातड्याचा, दोन-तीन जोडी भोकांतून नाडी ओवलेला आणि तळाभोवती कातड्याची अरुंद कड बाहेर आलेला असा एक साधा जोडा दक्षिण आफ्रिकेत शेतकऱ्यांपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत अनेकांच्या पायांत दिसतो. तिकडे त्याला फेल्स्कुन म्हणतात. केपटाउनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तो माझ्यासाठी आणला. तेव्हापासून नौपाड्यातले पदपथ, ठाणे स्थानकाचे जिने, तलावपाळीचा फेरफटका आणि येऊरच्या जंगलवाटा अशा सर्व ठिकाणी मी तो वापरत आले आहे. ज्यांना निकाल आधी हवा असतो त्यांच्यासाठी एवढे सांगते की, नवरात्रापासून मृग लागेपर्यंत ठाण्यात रोज पायी चालणाऱ्या माणसाला याच्याइतका सोसणारा आणि दुरुस्त करता येणारा जोडा मला अन्य कोणता आढळलेला नाही. पावसाळ्यात मात्र तो कपाटातच ठेवावा. या दोन्ही गोष्टींची कारणे त्याच्या बांधणीत आहेत. बाजारात याच्यासारखे दिसणारे पण याच्यासारखे न बनवलेले जोडे पुष्कळ असल्यामुळे आधी त्याचे नाव आणि मग त्याची शिलाई, असे दोन्ही सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

फेल्स्कुन हा शब्द आफ्रिकान्स या, डचमधून घडलेल्या दक्षिण आफ्रिकी भाषेतला आहे. 'फेल' म्हणजे कातडे आणि 'स्कुन' म्हणजे जोडा. रोमन लिपीत या नावाचे पहिले अक्षर व्ही असते, पण आफ्रिकान्समध्ये त्याचा उच्चार फ होतो. म्हणून खोक्यावरचे नाव वाचून आपण 'वेल्स्कोएन' असे काहीतरी म्हणालो, तर तिकडच्या दुकानदाराला ते सुधारून घ्यावे लागते. पुढे या नावात 'फेल'च्या जागी 'फेल्ट' म्हणजे माळरान हा शब्द शिरला आणि फेल्टस्कुन, म्हणजे माळरानावर घालायचा जोडा, असे दुसरे रूप रूढ झाले. आज दोन्ही रूपे चालतात, आणि बोलताना लोक नुसते 'फेली' म्हणून मोकळे होतात. इंग्लंडमधल्या बूट बनवणाऱ्यांनी जुन्या डच वळणाचे स्पेलिंग घेऊन हेच नाव एका विशिष्ट शिलाईच्या बुटांना दिले. त्यामुळे एकाच जोड्याची तीन-चार स्पेलिंगे खोक्यांवर दिसतात आणि ग्राहक गोंधळतो. मला यातले जुने, कातड्याचे नावच पसंत आहे, कारण खरेदीची पहिली कसोटी त्यातच सांगितलेली आहे. वरचा भाग अस्सल कातड्याचा नसेल, रेक्झिनचा किंवा कापडाचा असेल, तर तो जोडा कितीही तसा दिसला तरी फेल्स्कुन नव्हे.

हा जोडा डच लोकांनी युरोपातून आणलेला नाही. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, म्हणजे आजच्या केपटाउनच्या परिसरात, आपला तळ वसवला, तेव्हा तिथले गुरे राखणारे खोइखोई लोक कच्च्या कातड्याची पादत्राणे वापरत होते. युरोपातून आलेले बूट झिजले की नव्या वसाहतवाल्यांनाही हाताशी असलेल्या कातड्याचाच आधार होता. जोड्याची कल्पना आणि सामग्री तिथल्या मातीतली आणि नाव तेवढे डच वळणाचे, असा हा मेळ आहे. १८३० च्या दशकात बोअर, म्हणजे या डच वसाहतवाल्यांच्या वंशातली शेतकरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून केपमधून आत सरकली, तेव्हा त्यांच्या पायांत घरी शिवलेले असेच जोडे होते. त्या स्थलांतराला ते ट्रेक म्हणत. हाच शब्द इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला आणि सह्याद्रीत हिंडणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाच्या तोंडी बसला. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या मुलांना ट्रेक माहीत आहे, पण ज्या जोड्यांवर तो मूळचा ट्रेक झाला त्यांचे नाव माहीत नाही, ही उणीव मला भरून काढावीशी वाटते.

कातड्याशी संबंधित आणखी दोन शब्द इथे सांगितले पाहिजेत, कारण जोड्याविषयी वाचताना ते वारंवार भेटतात. 'रीम' म्हणजे कातड्याची वादी आणि 'रीम्पी' म्हणजे बारीक वादी. जुन्या फेल्स्कुनला नाडीऐवजी हीच रीम्पी असे आणि खुर्च्यांच्या बैठकीही तिनेच विणल्या जात. दुसरा शब्द 'साम्बोक', म्हणजे कातड्याचा जाड आसूड. तो मलायी भाषेतून केपला पोहोचला आणि मलायी भाषेत तो फारसी चाबूक या शब्दावरून आला आहे. मराठीतला चाबूक त्याच घरचा. हिंदी महासागरावरून माणसांची, अनेकदा गुलाम म्हणून नेलेल्या माणसांची, जी ने-आण झाली तिच्या खुणा अशा कातडी वस्तूंच्या नावांत शिल्लक आहेत.

आता शिलाईकडे येते, कारण या जोड्याचा खरा गुण तिथे आहे. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक बुटांमध्ये वरचे कातडे फरम्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणून आत, म्हणजे पावलाखाली, दुमडतात आणि त्याला सोल्यूशन लावून सोल चिकटवतात. असा बूट हलका आणि स्वस्त होतो, पण ठाण्यासारख्या दमट आणि उष्ण गावात ते सोल्यूशन काही काळाने दगा देते आणि चवड्यापाशी सोल जबडा उघडल्यासारखा सुटतो. फेल्स्कुनमध्ये याच्या नेमके उलट करतात. वरच्या कातड्याची कड आत न घेता बाहेर पसरवतात, ती सपाट कड तळावर ठेवतात आणि पावलाभोवती फिरणाऱ्या टाक्यांच्या रांगेने दोन्ही एकत्र शिवून टाकतात. याला इंग्रजीत स्टिचडाउन म्हणतात. खिळा नाही, आतला जाड थर नाही, लपवलेला जोड नाही. टाके बाहेरून दिसतात, मोजता येतात आणि झिजले तर झिजलेलेही दिसतात. गुडइयर वेल्ट नावाच्या महागड्या पद्धतीत वरचे कातडे आणि तळ यांच्यामध्ये कातड्याची वेगळी पट्टी शिवतात. इथे ती पट्टीही लागत नाही, कारण वरच्या कातड्याची कडच पट्टीचे काम करते. त्यामुळे जोडा पातळ राहतो, चवड्यापाशी पहिल्या दिवसापासून वाकतो आणि पायाखालची जमीन पायाला कळते.

हे वाचताना कोल्हापुरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. जुन्या रीतीची अस्सल कोल्हापुरी चप्पलही खिळ्यावाचून होते. तिचे तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवतात, तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते, आणि ती पायाला सैलावत सैलावत त्या माणसाचीच होऊन जाते. दोन्ही पादत्राणे कोरड्या, खडकाळ, काटेरी मुलखात गुरे पाळणाऱ्या लोकांनी जवळच्या सामग्रीतून घडवली, आणि नंतर मोटारी आल्यावर दोन्हीकडच्या कारागिरांनी टाकाऊ टायरचे तळ वापरायला सुरुवात केली. फरक उघडेपणाचा आहे. कोल्हापुरी पाऊल मोकळे ठेवते, फेल्स्कुन ते काट्यांपासून झाकतो.

दक्षिण आफ्रिका आणि आपण यांच्यातला एक प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. १९१० साली जोहान्सबर्गजवळ गांधीजींचा टॉल्स्टॉय फार्म हा आश्रम सुरू झाल्यावर त्यांचे वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख हे डरबनजवळच्या मारियनहिल येथील ख्रिस्ती मठात जाऊन चपला बनवायला शिकले आणि त्यांच्याकडून ते काम गांधीजींनी शिकून घेतले. पुढे तुरुंगात असताना बनवलेला चपलांचा एक जोड गांधीजींनी १९१४ साली दक्षिण आफ्रिका सोडताना, ज्यांच्या सरकारशी ते लढले त्यातले मंत्री जनरल स्मट्स यांना दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आदराने परत पाठवला. आफ्रिकान्स बोलणाऱ्या सेनानीच्या पायांत भारतीय माणसाने शिवलेली चप्पल शोभू शकते, तर ठाणेकराच्या पायांत फेली परकी का वाटावी?

ज्यांना या जोड्याच्या घडणीचे गाव जाणून घ्यायचे असेल त्यांनी वुपरतालचे नाव लक्षात ठेवावे. केपटाउनच्या उत्तरेला सेडरबर्ग डोंगरांत १८३० साली जर्मन मिशनऱ्यांनी हे गाव वसवले. त्यांच्यातले योहान गॉटलीब लाइपोल्ट स्वतः चांभारकाम जाणणारे होते. त्यांनी गावात हे काम रुजवले आणि वुपरतालचे जोडे केप प्रांतात नावाजले गेले. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस लागलेल्या आगीत या गावातील अनेक घरे जळाली. शेजारच्या नामिबियात स्वाकोपमुंड येथे कुडू नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्याचे जोडे होतात. काटेरी झुडपांतून फिरणाऱ्या त्या जनावराच्या कातडीवरचे ओरखडे जोड्यावरही दिसतात आणि तिकडचे ग्राहक त्यांना दोष मानत नाहीत. माझा जोड यांपैकी कोणत्याही गावचा नाही. तो एका आधुनिक कारखान्यात तयार झालेला, गाईच्या जाड, खरखरीत पृष्ठाच्या कातड्याचा आणि क्रेप, म्हणजे सुरकुतलेल्या पृष्ठाच्या मऊ नैसर्गिक रबराच्या सोलचा आहे. ज्यांच्या घरी गाईचे कातडे चालत नाही त्यांनी खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे, कारण खोक्यावर बहुधा नुसते लेदर एवढेच लिहिलेले असते.

प्रत्यक्ष वापराविषयी सांगायचे तर, पहिले काही दिवस टाचेच्या मागची कड पायाला लागते. आत अस्तर नसल्यामुळे कातडे थेट मोज्यावर घासते, म्हणून सुरुवातीला जाड सुती मोजा घालावा आणि लांबच्या चालीला हा जोडा लगेच घालू नये. ते दिवस सरले की कातडे पायाच्या रुंदीप्रमाणे पसरते आणि मग त्याचे सुख कळते. लहानपणी अनवाणी किंवा चपलांवर वाढलेली आपली पावले चवड्यापाशी रुंद असतात आणि निमुळत्या टोकाच्या बुटात करंगळी चेमटते. फेल्स्कुनचे टोक गोल आणि ऐसपैस असल्याने बोटे मोकळी राहतात. सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारापासून आत सरकताना कोणाचा पाय पडला तरी जाड कातड्यामुळे इजा होत नाही, आणि संध्याकाळी स्थानकाच्या पुलावरून उतरताना पाय आंबलेले वाटत नाहीत. उन्हाळ्यात अस्तर नसणे हाच फायदा ठरतो, कारण घाम कातड्यात मुरतो आणि रात्रभरात उडून जातो. त्यासाठी जोडा बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवावा आणि शक्य असेल तर एक दिवसाआड घालावा. सलग घातला तर वास येतो, यात शंका नाही.

आपल्याकडे बुटाची एक परीक्षा असते, जी परदेशी परीक्षणांत सहसा भेटत नाही. दिवसातून कितीदा तो काढावा आणि घालावा लागतो, ही ती परीक्षा. कौपिनेश्वराच्या दर्शनाला गेलो तर बाहेर काढायचा, नातेवाइकांकडे गेलो तर उंबऱ्यापाशी काढायचा, दवाखान्यात काढायचा, शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेलो तरी काढायचा. उंच बुटांच्या लांब नाड्यांशी झगडत दारात उभे राहणे कोणालाच आवडत नाही. फेल्स्कुनला भोकांच्या दोन-तीनच जोड्या असल्याने एक ओढ दिली की तो सैल होतो आणि वाकून एकाच हाताने काढता येतो. मात्र घाईत मागची बाजू टाचेखाली दाबून तो सपातेसारखा घालण्याचा मोह टाळला पाहिजे. मागचे कातडे एकदा मोडले की पुन्हा उभे राहत नाही आणि जोडा कायमचा खराब होतो.

येऊरला हिवाळ्यात मी तो बराच वापरला. पायवाटेवरची सुकी पाने, सुटे दगड, करवंदीच्या जाळ्या यांत तो मनापासून रमतो असे म्हणावेसे वाटते, कारण हे वातावरण त्याच्या मूळ मुलखाशी मिळतेजुळते आहे. काटे कातड्यात अडकतात, पण आत पोहोचत नाहीत. धूळ बसते आणि साध्या ब्रशने झटकली की निघते. सोल सपाट असल्याने तीव्र उतारावर पकड कमी पडते. म्हणून कातळकडे आणि घसरडे नळीचे मार्ग असलेल्या गडांवर खोल खाचांच्या सोलचेच बूट वापरावेत आणि फेल्स्कुनकडून ती अपेक्षा करू नये. मामा भांजे डोंगरासारख्या रुळलेल्या वाटेला तो पुरेसा आहे.

पावसाळ्याचा प्रश्न आता मोकळेपणाने मांडते. बाहेर आलेल्या कडेमुळे वरून ओघळणारे पाणी बाजूला पडते, हे खरे. ब्रिटिश कारागिरांनी या शिलाईत आतला थर आत आणि बाहेरचा थर बाहेर असे दुहेरी दुमडून पहिल्या महायुद्धात चिखलात उतरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बूट बनवले, हेही खरे. पण साध्या फेल्स्कुनमध्ये तो दुहेरी थर नसतो, त्याची जीभ बाजूंना शिवलेली नसते आणि टाक्यांची भोके उघडी असतात. ठाण्यात जुलैमध्ये रस्त्यावर पाणी साचते तेव्हा ते वरून ओघळत नाही, खालून चढते, आणि अशा पाण्याला हा जोडा कुठेच अडवत नाही. खरखरीत कातडे पाणी पिऊन जड होते, वाळताना कडक होते आणि दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. भरीस भर म्हणजे क्रेप रबर ओल्या फरशीवर घसरते. स्थानकाच्या ओल्या जिन्यावर कठडा धरूनच उतरावे लागते, आणि वयस्कर माणसांनी तर अशा दिवसांत तो घालूच नये. अवेळी पावसात भिजलाच, तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली सावलीत वाळवावा. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवला तर कातडे तडकते. पावसाळ्यासाठी ठेवून देताना तो पूर्ण कोरडा करून कापडी पिशवीत ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नाही, आणि अधूनमधून उघडीप पडली की बाहेर काढून वारा द्यावा.

निगा राखण्याविषयी दुकानदार परस्परविरोधी सल्ले देतात, म्हणून एवढे स्पष्ट करते. खरखरीत पृष्ठाच्या कातड्याला पॉलिश लावू नये, कारण त्याने ते पृष्ठ चिकटून सपाट आणि काळपट होते. कोल्हापुरीला आपण एरंडेल किंवा खोबरेल चोळतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. ब्रश पुरे. गुळगुळीत कातड्याचा फेल्स्कुन असेल तर मात्र मेणाचा हलका हात वर्षातून एखाद-दोनदा द्यावा.

या जोड्याच्या बाजूने माझे मत पक्के झाले ते दुरुस्तीच्या वेळी. टाचेकडचे क्रेप एका बाजूने झिजल्यावर मी तो ठाणे स्थानकाजवळ बसणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे नेला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, अंगठ्याने कड दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हा चिकटवलेला नाही, शिवलेला आहे. नुसतं सोल्यूशन लावून देणार नाही मी. टाके उसवून नवा सोल शिवायला लागेल."

"काका, शिवताना नवी भोकं पडतील का?" मी विचारले.

"नाही, जुन्याच भोकांतून आरी घालायची. नवी पाडली तर कड फाटते, मग काही उरत नाही. दोन दिवस ठेवून जा."

त्यांनी क्रेप काढून मायक्रोचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र रबराचा, सोल बसवला, रापीने त्याची कड वरच्या कातड्याबरोबर तासली आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने सगळी फेरी हाताने शिवली. टाके मूळ कारखान्यातल्या टाक्यांइतके एकसारखे नाहीत, पण ते अधिक घट्ट आहेत आणि मायक्रोची पकड क्रेपपेक्षा चांगली असल्याने घसरण्याची तक्रारही बरीच कमी झाली. ज्या पद्धतीचे नावही या कारागिरांनी ऐकलेले नव्हते ती त्यांना बघताक्षणी कळली, याचे कारण उघड आहे. शिवलेली वस्तू शिवणाऱ्याला वाचता येते. चिकटवलेल्या बुटाचा सोल सुटला की आपण तो फेकून देतो आणि नवा आणतो, त्यात ग्राहकाचे पैसे जातात आणि आरी-रापी चालवणाऱ्या हातांचे कामही जाते. ठाण्यात असे हात अजून आहेत, जांभळी नाक्यापासून कोपरीपर्यंत फुटपाथवर बसलेले आहेत, आणि त्यांना द्यायला आपल्याकडे शिवलेले जोडे हवेत असे मला कळकळीने वाटते. अशी दुरुस्ती मात्र अमर्याद वेळा होत नाही. प्रत्येक वेळी भोके किंचित मोठी होतात आणि कड हळूहळू कमजोर होते, म्हणून सोल पूर्ण झिजून कड जमिनीला लागण्यापूर्वीच जोडा दुरुस्तीला न्यावा.

आता बाजारातील सारख्या दिसणाऱ्या जोड्यांविषयी. गोखले रोड, राम मारुती रोड किंवा घोडबंदर रोडवरच्या मॉलमध्ये फेल्स्कुन मागितला तर बहुतेक विक्रेते डेझर्ट बूट किंवा चक्का बूट पुढे करतात. डेझर्ट बूट हा त्याचा जवळचा नातलग आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यातील अधिकारी कैरोच्या बाजारातून क्रेप सोलचे खरखरीत कातडी बूट शिवून घेत. ते पाहून नेथन क्लार्क यांनी तसा बूट तयार केला आणि १९५० मध्ये त्यांच्या घराण्याच्या कंपनीने तो बाजारात आणला. दक्षिण आफ्रिकी सैन्यही त्याच आघाडीवर होते आणि या बुटाची मुळे फेल्स्कुनपर्यंत जातात, असे सर्रास मानले जाते. डेझर्ट बूट वाईट नाही. अडचण अशी की त्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या स्वस्त जोड्यांत सोल साच्यातून काढलेला असतो, त्याच्या कडेवर खोटे टाके उठवलेले असतात आणि खरे काम सोल्यूशन करत असते. ओळखायचे कसे, ते सांगते. कडेवरच्या टाक्यात नख घालून पाहावे, खरा दोरा हलतो आणि साच्यातला हलत नाही. मग जोडा उलटा करून तळाशी टाक्यांची रांग उमटली आहे का ते पाहावे. काही चांगल्या जोड्यांत टाके मधल्या थरापर्यंतच असतात आणि त्याखाली रबर चिकटवलेले असते. तेही चालते, कारण झिजणारे रबर बदलता येते आणि वरची शिलाई शाबूत राहते. शेवटी वरच्या कातड्याची कड खरोखर बाहेर वळली आहे की वेगळी पट्टी चिकटवली आहे, हे बोटाने चाचपावे. कातडे वरून सलग बाहेर वळलेले लागले तर जोडा खरा.

नावे सैल वापरली की वस्तूही सैल होते, याचा अनुभव आपण कोल्हापुरीच्या बाबतीत घेत आहोत. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकारी अशी घडणीची वेगवेगळी नावे मागे पडली आणि अंगठा असलेली कोणतीही चप्पल, मग तिचा पट्टा प्लॅस्टिकचा का असेना, कोल्हापुरी म्हणून विकली जाऊ लागली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा निदान नावामागे कायद्याचे बळ आले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडल्या, त्यावर महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप घेतला गेला आणि कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. आपल्या चपलेच्या नावासाठी आपण एवढे आग्रही असू, तर खोइखोई आणि केपच्या कारागिरांच्या जोड्यालाही त्याच्या नावाने मागणे रास्त आहे. दुकानात डेझर्ट बूट न म्हणता फेल्स्कुन म्हणावे आणि विक्रेत्याला तो शब्द ठाऊक नसेल तर समजावून सांगावे. मी तसे करते, आणि तरुण विक्रेते उत्सुकतेने ऐकतात असा माझा अनुभव आहे.

खरेदीविषयी शेवटच्या काही सूचना. दक्षिण आफ्रिकेतील मापे ब्रिटिश क्रमांकाची असतात आणि आपलीही तीच असल्यामुळे क्रमांक बदलावा लागत नाही, पण हे कातडे रुंदीत बरेच सैलावते. म्हणून दोन क्रमांकांत घोळ असेल तर लहान घ्यावा, मात्र लांबीला बोट टेकत असेल तर मोठा. कोणी नातेवाईक तिकडून येणार असेल तर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने काढलेली आकृती पाठवावी, ती क्रमांकापेक्षा खात्रीची असते. क्रेपऐवजी टायर रबराचा किंवा दाट रबराचा सोल मिळत असेल तर ठाण्यासाठी तोच निवडावा. रंग मातकट तपकिरी घ्यावा, कारण फिक्या वाळूच्या रंगावर लोकलमधल्या गर्दीचे काळे ओरखडे निघत नाहीत. किंमत आपल्याकडच्या चांगल्या कोल्हापुरीच्या बरीच वर जाते आणि टपालाने मागवला तर सीमाशुल्काची भर पडते, त्यामुळे वर्षाला नवा बूट घेण्याची सवय असलेल्यांना तो महाग वाटेल. ज्यांना रोज चालायचे आहे, पावसाळ्यासाठी वेगळी रबरी पादत्राणे ठेवण्याची तयारी आहे आणि झिजलेला सोल कारागिराकडून पुन्हा शिवून घ्यायचा आहे, त्यांनी तो निःशंकपणे घ्यावा.